पाळीचा ताप आणि आत्यांचा काढा

पाऊस ओसरून गटारीवर डास गुणगुणायला लागले की मला कुणी ना कुणी गाठतंच. "बाई, थंडीतापावर तुमच्या सासूबाईंचा काढा चालतो म्हणे?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, हो नाहीतर नाही. मी म्हणते, बसा, चहा टाकते. कारण हे एका शब्दात मावत नाही. तो काढा मी नुसता ऐकलेला नाही, प्यायलेला आहे, आणि तोही पोटातल्या जिवाला सोबत घेऊन. म्हणून या विषयावर बोलायला लागले की माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात आणि तिकडं गॅसवर चहा उतू जातो. आज म्हटलं, लिहूनच काढावं.

नववी ब

सत्त्याण्णवचा सप्टेंबर. मी सांगलीत एका हायस्कूलवर विज्ञान शिकवत होते. आमचे हे हळदीच्या एका अडत दुकानात कामाला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मला पाचवा महिना लागायला आठवडाभर उरला होता. तीन वर्षांपूर्वी एकदा दिवस राहिले होते, ते तिसऱ्याच महिन्यात गेले. त्याच आठवड्यात मी सर्दीतापाच्या गोळ्या घेतल्या होत्या. गोळ्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही असं तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी मान हलवली होती, पण मनानं ते ऐकलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी जो शहाणपणा केला तो कुठून आला ते कळेल.

या वेळी मात्र सगळं झकास चाललं होतं. मी इतकी खुशीत होते की स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत चिंचा खायचे आणि वर मीठ मागायचे. सोमवार होता. अकरा वाजत आले होते आणि नववी ब ला मी बाष्पीभवन शिकवत होते. फळ्यावर 'उष्णता' एवढा शब्द लिहिला आणि हातातला खडू थरथरायला लागला. मग हात, मग खांदे, मग दात. बाहेर ऊन रणरणतंय, पोरं घामानं चिंब झालीत आणि मी फळ्यासमोर काकडतेय. आधी मागचा बाक हसला. मग मी आधाराला टेबल धरलं तर टेबलही वाजायला लागलं, तेव्हा वर्ग चिडीचूप झाला. स्टाफरूममधून शाली आल्या, शिपायांचा कोट आला, शेवटी प्रयोगशाळेतल्या टेबलावरचं हिरवं कापडसुद्धा आलं. त्या सगळ्या ढिगाखालून मी हेडसरांना सांगत होते की तास बुडायला नको.

तासाभरानं थंडी गेली आणि ताप फणफणला. दुपारी दरदरून घाम फुटला आणि संध्याकाळी मी अगदी ठणठणीत. मंगळवारी पाच तास घेतले. हे म्हणाले, दमली असशील. मलाही ते पटलं. बुधवारी पावणेअकराला मी तोंडी परीक्षा घेत होते, आणि तो परत आला.

रक्ताचा थेंब

ज्यांच्याकडं बाळंतपणासाठी नाव घातलं होतं त्या डॉक्टरीणबाईंनी 'एक दिवसाआड येतो का, ठरल्या वेळी येतो का' एवढंच विचारलं आणि बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायला लावला. तपासणीची खोली शेजारीच होती. तिथल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकात बघून मान हलवली, तशी मी त्यांना गळ घातली की मला बघू द्या, मी विज्ञान शिकवते. ताप अजून उतरायचा होता, तरी मी डोळा लावला. तांबड्या पेशींच्या गर्दीत एका पेशीत निळसर अंगठी दिसली, अंगठीला खडा असावा तसा एक तांबडा ठिपका. खरं सांगते, मला भीती वाटायच्या आधी आनंद झाला. पुस्तकातल्या चित्रात दहा वर्षं दाखवलेला तो प्राणी मला समोरासमोर भेटला होता. मी त्या बाईंना म्हटलंसुद्धा, अहो किती स्पष्ट दिसतोय. मग लक्षात आलं की हे रक्त माझं आहे, आणि त्याच रक्तावर आणखी एक जण वाढतंय. तिथल्या तिथं मी स्टुलावर बसले.

मलेरिया. आमच्याकडचे जुने लोक याला हिवताप म्हणतात, आणि ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हजर होतो म्हणून पाळीचा ताप. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. या दिवसांत चालतील का, असं मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा, बाळाला धोका तापाचा आहे, गोळीचा नाही. एवढं एकच लक्षात ठेवा."

घरी येऊन गोळ्या घेतल्या. जिभेवर ठेवल्याबरोबर कडू जहर, आणि वीस मिनिटांत सगळं बाहेर. अशी उलटी झाली तर परत येऊन सांगा, असं बाईंनी बजावलं होतं. मी गेले नाही. मनात म्हटलं, बघ, अंगाला मानवतच नाही. पोरालाच नको आहेत या गोळ्या.

आत्या आल्या

आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्या वडूजला एकट्या राहायच्या. यांनी फोन करून निरोप दिला तशा त्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं हजर झाल्या. काखेत पिशवी, पिशवीत कडुलिंबावर चढलेल्या गुळवेलीच्या कांड्या, वाळलेलं किराईत, सुंठ, मिरी, तुळस आणि गुळाचा खडा. त्या भागात चाळीस वर्षं थंडीतापाला आत्यांचा काढा चालत आलेला. कुठल्याही समाजाचं, कुठल्याही आळीचं माणूस दारात यायचं. आत्या सकाळी बुद्धवंदना म्हणून उठल्या की पहिली चूल काढ्याची पेटायची. लिहिता वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओढ्याला कुठलं झाड आहे ते अख्ख्या माळाचं त्यांना पाठ.

गोळ्यांचं पाकीट त्यांनी हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "लय उष्ण असत्यात ह्या. पोटुशीला कशाला?"

मी जणू कुणीतरी हे म्हणायचीच वाट बघत बसले होते. दोष त्यांचा नाही, हे मी कुणालाही ठासून सांगते. त्या शिकलेल्या नव्हत्या, मी होते. त्यांनी एक शंका काढली आणि मी तिला लटकून घेतलं. पाकीट माझ्या शाळेच्या पर्समध्ये गेलं. यांच्यासमोर मी रोज पर्स उघडायचे, गोळी मुठीत घ्यायचे, पाणी गटागटा प्यायचे आणि मूठ तशीच घेऊन मोरीकडं जायचे. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना मी कधी सोडलं नाही, आणि घरात ही तऱ्हा.

काढा मात्र मी मनापासून घेतला. आठ पेले पाणी आटवून एक पेला, रंग काळपट, वास ओल्या लाकडासारखा. पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घोटाला गोळ्या गोड होत्या असं वाटलं. आत्या पेला रिकामा होईपर्यंत समोर बसायच्या आणि संपला की हातावर गूळ ठेवायच्या.

आलेख

शुक्रवारी पावणेअकराला थंडी आली. हुडहुडी, ताप, सगळं यथासांग. दुपारी तीनला ताप उतरायला लागला तशा आत्यांनी काढा पाजला, कारण त्यांची पद्धतच तशी. थंडीत माणसाच्या तोंडाला पेला लावता येत नाही, दातावर आपटतो. भर तापात दिला तर उलटतो. म्हणून घाम फुटला की द्यायचा. संध्याकाळी आणखी एक, की झालं. आणि काय सांगू, शनिवारी मी अशी फुलासारखी उठले की अंगणात उभी राहून शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, काढ्यानं ताप पळवला. त्याच दुपारी पोटात पहिल्यांदा हललं. पाण्यात बोटभर मासोळी वळावी तसं. मी आत्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. त्यांना काही लागलं नाही, पण त्या माझ्याकडं बघून रडल्या आणि मीही रडले. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मी काढ्याला सुवर्णपदक दिलं असतं.

आता मी पडले विज्ञानाची बाई. पुरावा नको का? गणिताच्या बाईंकडून आलेखाचा कागद आणला आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवला. दर दोन तासांनी थर्मामीटर, दर दोन तासांनी टिंब, टिंबाला टिंब जोडून रेघ. मागचेही आकडे आठवतील तसे भरले. आत्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्यांनाही त्यात भाग घ्यायचा होता. मग ठरलं असं की काढा दिला की त्यांनी हळदीत बोट बुडवायचं आणि मी दाखवेन त्या जागी कागदावर टेकवायचं. दोघी रोज त्या कागदासमोर उभ्या राहायचो. रविवारी परत पाळी आली. मी म्हटलं, या वेळी कमी होती. थर्मामीटर तसं म्हणत नव्हता, पण मी म्हटलं.

हरिपूरला

मंगळवारच्या पाळीला आत्यांनी दुसरा डाव काढला. जुनी रीत आहे म्हणाल्या, पाळी चुकवायची. ताप यायच्या वेळेला घरात राहायचंच नाही. तो दारात येतो, माणूस सापडलं नाही की चिडून निघून जातो. यावर मी हसायला हवं होतं. मी पायांत चपला घातल्या.

नऊ वाजता आम्ही दोघी सिटी बसनं हरिपूरला गेलो, नदीच्या संगमाकडं. सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा. पाणी छान संथ होतं, वारा होता. अकराला पाच कमी, आणि काहीच नाही. मला हसू फुटलं. मी आत्यांना म्हटलं, बसला असेल घरी कडीशी झटत. आत्याही तोंडावर पदर घेऊन हसल्या. तेवढ्यात पाठीतून एक गार सळक उठली.

तिथं ना शाल ना घोंगडी. रस्त्याकडेला हळदीची रिकामी पोती घेऊन निघालेली बैलगाडी होती, हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत ना, त्यातली. गाडीवानानं न विचारता पोत्यांची चळत माझ्या अंगावर टाकली. मी सात-आठ पोत्यांखाली थडथडत पडले आणि प्रत्येक थरथरीला हळदीचा ढग उठत होता. नाकात हळद, केसांत हळद. थंडी जाऊन ताप भरला तेव्हा त्याच गाडीवानानं आम्हाला बसपर्यंत सोडलं. बसमधल्या बायका माझ्याकडं बघून विचारत होत्या, लग्न कुणाचं. घरी यांनी दार उघडलं आणि आधी हसले, मग कपाळाला हात लावून बघितला आणि हसायचे थांबले.

"गोळ्या घेतीयस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

उताराची गाडी

गुरुवारची पाळी वाईट होती. ताप एकशेचारच्या पुढं गेला, मी बडबडले म्हणे. शुक्रवारी उठले ती अंगात त्राण नसलेली, नखं पांढरी पडलेली. आणि एक गोष्ट मी सकाळपासून कुणाला बोलले नव्हते. मंगळवारनंतर पोटात हललेलं नव्हतं. उताणी झोपून बघितलं, कुशीवर बघितलं, गूळ खाऊन बघितलं. माझी मासोळी गप्प होती. दुपारी तांदूळ निवडता निवडता मी आत्यांना सांगितलं.

आत्यांनी ताट खाली ठेवलं. त्या उठल्या आणि त्या कागदासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग बोटानं रेघ धरून चालायला लागल्या, वर, वर, टोकाला, आणि खाली. परत वर, परत खाली.

"ही चढ म्हंजी ताप चढतोय, आसंच न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग माझं बोट चढाला कुठंच न्हाई की गं. समदी पिवळी बोटं उताराला हायत. उताराला लागलेली गाडी मी ढकलत बसले व्हय एवढं दिस?"

मी कागदाकडं बघितलं. दहा वर्षं मी पोरांना सांगत होते, प्रयोगात आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं ते बघा. आठवडाभर तो कागद माझ्या नाकासमोर होता. ताप आपला आपण उतरत होता, त्याचा दुसरा दिवस आपला आपण बरा जात होता, आणि शाबासकी आम्ही काढ्याला देत होतो. मला इतकी लाज वाटली की मी तिथंच पर्स आणली, पाकीट काढून त्यांच्यापुढं ठेवलं. एकही गोळी घेतली नाही हेही सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं मी दोन्ही घेतेय.

त्यांनी मला शिवी दिली नाही. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता चल दवाखान्यात. पण फोन केला तर डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी गेलेल्या, सकाळी दहाला येणार. मोठ्या दवाखान्यात जाता आलं असतं, पण मी म्हटलं, माझ्या बाईच हव्यात. हासुद्धा माझाच हट्ट.

शनिवारी सकाळी पिशवी भरून तयार होती, हे दहाला रिक्षा आणणार होते. सहा वाजता आत्या पेला घेऊन आल्या. मी चकित झाले. म्हणाल्या, दवाखान्यात जायचंच हाय, पर पाळीच्या आधी एकदा माझं मला बघू दे. सहाला एक पेला, नऊला दुसरा. दोन्ही वेळा त्यांनी हळदीचं बोट टेकवलं, रेघेच्या सपाट भागावर, चढाच्या आधी. मग त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि घड्याळ वाचता येत नसताना घड्याळाकडं बघत राहिल्या. चाळीस वर्षांचं नाव पणाला लावून बसलेली बाई मी त्या आधी बघितली नव्हती. हे गेले, पण रिक्षा मिळायला उशीर झाला. पावणेअकराला माझे दात वाजले.

आत्या उठल्या, माझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि रिक्षा घेऊन आलेल्या यांना शांतपणे म्हणाल्या, "न्हाई चालत माझा काढा. उचला हिला."

खाट नंबर सात

डॉक्टरीणबाईंनी मला झाडून काढलं. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. तुम्ही विज्ञान शिकवता ना, एवढंच विचारलं. या वेळी गोळ्यांच्या आधी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि अर्धा तास नर्स उशाशी बसली. गोळ्या पोटात राहिल्या. मग सलाइन, दर चार तासांनी थर्मामीटर, बोटाला सुई, आणि दुपारी दोनला मला सोनोग्राफीला नेलं.

त्या खोलीत मी डोळे गच्च मिटून घेतले होते. पोटावर गार जेल लागलं. बाई पोटावर यंत्र फिरवत होत्या. मग त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला आणि म्हणाल्या, बघा तरी. राखाडी धुक्यात काहीतरी भराभर उघडझाप करत होतं. एवढासा ठिपका, पण काय त्याचा वेग. आणि शेजारी एक हात, बोटं दिसणारा हात, तोंडाकडं जाऊन परत आला. बाई म्हणाल्या, हलतंय, अजून तुम्हाला प्रत्येक वेळी कळण्याएवढं मोठं नाही इतकंच. मी त्या टेबलावर पडल्या पडल्या ओरडून यांना हाक मारली. अख्ख्या पॅसेजनं ऐकली.

हे आले, बघितलं, डोळे पुसले, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता बाहेर गेले. गोळ्यांचं खोटं त्यांना सकाळीच कळलं होतं. पुढचे दोन दिवस डबा आणायचे, उशाशी ठेवायचे, आईशी बोलायचे आणि निघून जायचे. तापापेक्षा मला ते जड गेलं. सोमवारी पावणेअकरा वाजले तेव्हा मात्र ते कामावरून येऊन खाटेशी उभे होते. अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. मी हात पुढं करून दाखवला, अजिबात थरथरत नव्हता. त्यांनी तो हात धरला आणि म्हणाले, परत असं करू नकोस. मी म्हटलं, नाही करणार. शेजारच्या खाटेवरच्या आजारी मावशींनी तेवढ्यात आम्हाला संत्रं सोलून दिलं.

आत्यांनी मात्र डॉक्टरीणबाईंना सोडलं नाही. राउंडला आल्या की पदर खोचून प्रश्न. झाडपाला खोटा म्हणता का तुम्ही? बाई म्हणाल्या, नाही. हिवतापाचं जुनं औषध, कोयनेल, तेसुद्धा एका झाडाच्या सालीचंच. गरम काढ्यानं घशाला बरं वाटतं, पाणी पोटात जातं, गुळानं तरतरी येते. गुळवेलीत काय काय आहे ते शास्त्रज्ञ शोधताहेत. पण रक्तातला किडा तुमच्या काढ्यानं मरतो हे कुणी दाखवलेलं नाही, आणि पोटुशीला तो किती द्यावा हेही कुणाला माहीत नाही.

"मग त्या सालीचं खरं, आन माझं खोटं, हे ठरवलं कुणी?" आत्यांनी विचारलं.

बाई चक्क खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, मोजून ठरवलं. ज्यांना औषध दिलं त्यांचं काय झालं आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं, दोन्हीकडचे मोजले. बरे झालेले मोजले, तसे न झालेलेही मोजले.

बाई पुढच्या खाटेकडं गेल्या. मग आत्या माझ्याकडं न बघता बोलल्या.

"ज्येंला गुण आला ती मानसं शेंगा, गूळ घिऊन माझ्या दारात आली गं. ज्येंला न्हाई आला, ती कशाला येत्यात सांगाय?"

रविवारच्या गोळ्या

पुढं बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला एकदा गोळ्या घ्यायच्या होत्या, ताप परत उलटू नये म्हणून. त्यासाठी आत्या वडूजला गेल्याच नाहीत. रविवारी न्याहारी झाली की त्या पाकीट घेऊन समोर बसायच्या, गोळी गिळल्यावर मला तोंड उघडायला लावायच्या आणि जीभ वर कर म्हणायच्या. चोराला चोराच्या जागी ठेवायचं काम त्यांनी चोख केलं. गुळाचा खडा मात्र चालू राहिला, त्याला बाईंचीही ना नव्हती.

फेब्रुवारीत मुलगी झाली. सव्वादोन किलोची, जरा हडकुळी, पण रडायला लागली की यांच्या दुकानापर्यंत ऐकू जावं असा आवाज. विहारात नाव ठेवलं तेव्हा हे पेढे वाटताना इतके घाईत होते की भंतेजींना पेढा दोनदा दिला. ताप मुळातून जाण्यासाठीच्या, पोटुशीला न चालणाऱ्या दुसऱ्या गोळ्या बाईंनी बाळंतपणानंतर दिल्या. त्यानंतर आजपर्यंत मला थंडी वाजली आहे ती फक्त थंडीतच.

मे महिन्यात

सुट्टी लागली तशी मी लेकीला घेऊन वडूजला गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्या म्हणाल्या, वही घे, तुझा तो रेघांचा कागद नको, साधी वही. मला वाटलं काढ्याची कृती लिहून घ्यायची आहे. तसं नव्हतं. ज्यांना काढा दिल्याचं आठवतं त्या सगळ्यांच्या घरी जायचं, पुढं काय झालं ते विचारायचं आणि लिहायचं. म्हणाल्या, दवाखान्यातली बाई म्हणाली तसं, दोन्हीकडचं.

मी उत्साहानं टुणकन उठले. असं काही कुणी करत असल्याचं मी ऐकलंच नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत आम्ही दोन आळ्या पालथ्या घातल्या. लोक चहा पाजायचे, आत्यांच्या हाताला गुण आहे म्हणायचे. एकाला बरं वाटलं होतं, पण त्यानं सुईपण घेतली होती. एकीचा तो ताप थंडीचा नव्हताच. एकाला पुढं सहा महिने परत परत येत राहिला, पण आत्यांना वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. मी भराभर लिहीत होते आणि मनात म्हणत होते, अगं बाई, हे तर सगळं किती गुंतलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही माळाकडच्या वस्तीवर गेलो. दारात आत्यांच्याच वयाच्या एक मावशी ज्वारी पाखडत होत्या. आत्यांना बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, घोंगडी टाकली, पाणी दिलं. आत्यांनी विचारलं, तुमच्या मालकांसाठी काढा नेला होता, खूप वर्षं झाली, पुढं कसं काय झालं? मावशी आधी नकोच म्हणत होत्या, जाऊ द्या हो झालं गेलं. आत्या उठल्या नाहीत. तेव्हा त्यांनी सांगितलं.

"काढा घेतला आन दुसऱ्या दिशी लय बरं वाटलं. भाकरी मागून खाल्ली. आमी दवाखान्यात न्यायचं ठरवलंवतं, ते ऱ्हायलं. तिसऱ्या दिशी परत थंडी भरली, त्यात गेलं."

आत्यांनी विचारलं की मग मला सांगितलं का नाहीत. मावशी म्हणाल्या, तुम्ही चांगल्या मनानं दिलेलं, तुम्हाला काय सांगायचं.

आत्यांचं तोंड उतरलं ते मला बघवेना. मी वही मिटली आणि म्हटलं, चला, ऊन फार झालंय, पोरगी तापेल. आत्यांनी माझ्या मांडीवरून लेकीला उचलून आपल्या कुशीत घेतलं, तिची टाळू पदरानं झाकली आणि म्हणाल्या, वही उघड.

"मालकांचं नाव सांगा मावशी," मी म्हटलं.

मावशी थबकल्या. आमच्याकडं त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, तो असताना नाही आणि गेल्यावरही नाही. त्यांनी आत पोराला हाक मारायला मान वळवली, पण घरात कुणी नव्हतं. आत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि नाव सांगितलं, पहिलं हळू, आणि मी ऐकलं नाही असं वाटून परत एकदा, मोठ्यानं.